सकाळी व्हॅन सुरू होत नाही, दुपारी पहिल्याच सेल्फला होते: ग्लो प्लगची तपासणी आणि बदल

रात्री व्यवस्थित चालत आलेली डिझेल व्हॅन सकाळी सेल्फवर सेल्फ घेते, मागून पांढरा धूर सोडते आणि कशीबशी थरथरत सुरू होते. दिवसभर मग काही तक्रार नाही. ग्लो प्लग म्हणजे थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर आतून तापवणारा प्लग, दर सिलिंडरला एक; अनेक जण त्याला हीटर प्लग म्हणतात. त्याच्या बिघाडाची ही नेहमीची चाल. हे काम मी पुष्कळ वेळा केलंय. जुना प्लग हेडमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातून, सोडवताना घाई केली, की दोन तासांचं काम दोन आठवड्यांचं होतं. त्यामुळे आधी प्लगच दोषी आहे याची खात्री करून घ्या, पाना नंतर उचला.

लक्षणं

त्रास फक्त इंजिन थंड असताना होतो. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. मागून पांढरा किंवा करडा धूर येतो आणि त्याला डोळ्यांना झोंबणारा कच्च्या डिझेलचा वास असतो. सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट मिसिंग होतं, सगळी बॉडी हादरते, मग आपोआप सुरळीत होतं. डॅशबोर्डवरचा स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा किल्ली फिरवल्यावर लागत नाही, किंवा गाडी चालत असताना लुकलुकतो. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर पी ०६७१ ते पी ०६७४ यांपैकी कोड दिसतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक सांगतो. पी ०६७० किंवा पी ०३८० आला तर बोट प्लगकडे नसून कंट्रोलर, रिले (प्लगांचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) किंवा वायरिंगकडे असतं. काही नव्या इंजिनांत प्लग मेल्यावर काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करणं थांबवतो, म्हणून फिल्टरचा दिवा वारंवार लागणं हेही एक लक्षण धरा.

इंजिन गरम असतानाही सुरू व्हायला त्रास होत असेल, तर दुखणं वेगळं आहे. ग्लो प्लग बदलून त्यात फरक पडणार नाही.

एक गैरसमज मला सतत भेटतो: "दिवा लागतो आणि विझतो, म्हणजे प्लग चांगले आहेत." जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त वेळ मोजतो. चारही प्लग मेलेले असले तरी तो ठरल्या वेळी लागेल आणि ठरल्या वेळी विझेल.

थंडीतच का

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण १६ ते २२ पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. इंजिन गार असलं की ही उष्णता सिलिंडरच्या थंड लोखंडात निघून जाते. ग्लो प्लगचं टोक काही सेकंदांत ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापून ती कमतरता भरून काढतं. चारपैकी एक प्लग गेला तर बहुतेक गाड्या कुरकुरत का होईना सुरू होतात, म्हणून बिघाड महिनोन्‌महिने लपून राहतो. दुसरा गेला की मग मालकाच्या लक्षात येतं. "काल अचानक बंद पडली" असं सांगितलं जातं तेव्हा पहिला प्लग बहुधा आधीच्या थंडीतच गेलेला असतो.

पहिल्या तीन तपासण्या: पाना न लावता

किल्ली फिरवा, दिवा विझू द्या, पण सेल्फ मारू नका. किल्ली बंद करा आणि हेच आणखी दोनदा करा. तिसऱ्यांदा दिवा विझल्यावर सेल्फ मारा. गाडी नेहमीपेक्षा स्पष्टपणे लवकर सुरू झाली, तर काही प्लग जिवंत आहेत, पण उष्णता पुरत नाही. काहीच फरक पडला नाही, तर एकतर प्लगांपर्यंत करंटच जात नाही किंवा दोष दुसरीकडे आहे. खर्च शून्य, आणि पुढची निम्मी दिशा इथेच ठरते.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरकडे पाहा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाही. अजिबात धूर नसेल तर डिझेलच पोचत नाही. अशा वेळी ग्लो प्लगचा विचार सोडा आणि डिझेल फिल्टर, पाइपात शिरलेली हवा, कडाक्याच्या थंडीत डिझेलमध्ये धरलेलं मेण यांकडे वळा. ही खूण मी कधीच चुकवत नाही. बिनधुराच्या गाडीचे प्लग बदलून पैसे वाया घालवलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत.

तिसरी गोष्ट बॅटरी. ती सकाळी, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर मोजा. फेरी मारून आल्यावर मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. निवांत बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फ मारताना ते १० च्या खाली जात असतील तर आधी बॅटरी, तिची टोकं आणि अर्थिंगची पट्टी बघा. कमकुवत बॅटरी दुहेरी मार देते. सेल्फ हळू फिरतो, त्यामुळे हवा दाबली जात असतानाच तिची उष्णता निसटते. शिवाय प्लगची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: १२ व्होल्टऐवजी १० मिळाले तर साध्या प्लगची ताकद जवळजवळ ३० टक्क्यांनी घटते. प्लग चांगला असूनही तो मेल्यासारखा वागतो.

इथे एक कळकळीची विनंती. गाडी सुरू होत नाही म्हणून हवेच्या पाइपात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या ग्लो प्लगवर तो नको त्या क्षणी भडकतो. पिस्टन, रिंगा किंवा मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा जोड) फुटू शकतो आणि जवळ उभा असलेला माणूस भाजू शकतो.

फ्यूज, रिले आणि पट्टी

एक साधा नियम: चारही प्लग एकदम मेल्यासारखे वाटत असतील, तर दोष जवळपास कधीच प्लगांत नसतो. चार प्लग एकाच रात्री जळत नाहीत. तेव्हा फ्यूज, रिले किंवा वायर पाहायची. एक-दोनच मेले असतील तर प्लगांवर संशय घ्या.

ग्लो प्लगचा फ्यूज मोठा असतो, बहुतेक वेळा ५० ते ८० अँपिअरचा, स्क्रूने बसवलेला पट्टीचा फ्यूज. त्याची चीर केसाएवढी असू शकते, नुसतं बघून दिसत नाही. म्हणून किल्ली चालू ठेवून दोन्ही टोकांवर मल्टीमीटरने व्होल्टेज मोजा. एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तर फ्यूज गेला. पण नवीन घालण्याआधी तो का गेला ते शोधा. एखादा प्लग आतून शॉर्ट असेल तर नवाही लगेच जाईल. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालून काम भागवू नका, वायरिंग पेटेल.

रिलेचा "टक्" असा आवाज आला म्हणजे तो ठीक आहे असं नाही. आतले पॉइंट जळलेले असले तरी आवाज येतो. आवाज चालू असताना रिलेच्या बाहेर जाणाऱ्या टोकावर व्होल्टेज आहे का, ते बघा. जुन्या पद्धतीत सगळ्या प्लगांच्या डोक्यांवरून एक धातूची पट्टी जाते. तिथे बॅटरीपेक्षा एखाद्या व्होल्टहून जास्त कमी मिळत असेल तर मध्ये कुठेतरी सैल नट किंवा गंज आहे. ही पट्टी काढून, पॉलिश पेपरने घासून, नट नीट आवळल्यावर गाडी ठणठणीत झाल्याचे प्रसंग माझ्याकडे कितीतरी आहेत. एकही प्लग बदलावा लागला नाही.

नव्या इंजिनांत प्रत्येक प्लगला वेगळी वायर असते आणि कंट्रोलर करंट तुकड्यातुकड्यांनी सोडतो. तिथे मल्टीमीटरचा आकडा फसवा असतो. स्कॅनरवर विसंबा.

प्लग जागेवरच तपासा

बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा, प्लगच्या डोक्यावरची वायर किंवा पट्टी सोडवा. पट्टी तशीच ठेवून मोजलं तर सगळे प्लग एकत्र मोजले जातात आणि मेलेला प्लगही जिवंत दिसतो. मीटर ओहमवर ठेवून आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना लावा आणि जो आकडा येईल तो पुढे वजा करा, कारण इथे अर्ध्या ओहमचाही फरक मोठा आहे. मग एक पिन प्लगच्या डोक्यावरच्या, वायर जोडायच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला. चांगला प्लग थंड असताना साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मीटरने अनंत दाखवलं तर आतली तार तुटली. तो प्लग मेला. एकाचा आकडा बाकीच्या तिघांपेक्षा फार वेगळा असेल तरी संशय त्याच्यावरच.

ओहमची चाचणी मेलेला प्लग पकडते, दमलेला पकडत नाही. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. वायरी आणि बॅटरी परत जोडून, किल्ली चालू करून प्रत्येक वायरीभोवती तो धरा. करंट सुरुवातीला उसळतो आणि टोक तापेल तसा उतरतो. आकडा गाडीगणिक बदलतो, म्हणून मी चौघांची आपसांत तुलना करतो. तीन सारखे आणि एक खाली, तर गुन्हेगार सापडला.

प्लग बाहेर काढून थेट बॅटरीला लावून पाहायची जुनी सवय अनेकांना आहे. ११-१२ व्होल्टच्या जुन्या धातूच्या प्लगांना ते काही सेकंद चालतं. पण नव्या गाड्यांत ४.४, ५ किंवा ७ व्होल्टचे प्लग असतात. त्यांना थेट १२ व्होल्ट दिले तर चांगला प्लगही डोळ्यांदेखत जळतो. बॉडीवर व्होल्ट छापलेले असतात, आधी ते वाचा.

काढणं: इथे घाई नको

प्लग लांबट असतो. वर आटे, खाली बारीक दांडा, आणि तो दांडा हेडच्या अरुंद भोकातून आत जातो. वर्षानुवर्षं त्या भोकात काजळी ठासून बसते आणि वरच्या खळग्यात पाणी साचून आटे गंजतात. म्हणजे प्लग दोन ठिकाणी धरलेला असतो. आटे सुटले तरी खालचं टोक अडकलेलं राहतं. मग माणूस जोर लावतो आणि प्लग मधोमध पिळून तुटतो.

मी असा एक प्लग तोडला आहे. गाडी तातडीने हवी होती, इंजिन थंड होतं, तेल सोडलेलं नव्हतं. पाना जरा जड गेला तेव्हाच थांबायला हवं होतं. खालचा अर्धा हेडमध्ये राहिला आणि शेवटी हेड उतरवावं लागलं. त्यानंतर खालची पद्धत मी एकदाही मोडलेली नाही.

तीन दिवस आधीपासून रोज, गाडी चालवून आल्यावर, प्रत्येक प्लगच्या मुळाशी गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. त्याआधी खळग्यातली माती हवेच्या झोताने उडवा, नाहीतर प्लग निघाल्यावर तीच सिलिंडरमध्ये पडेल. काढायच्या दिवशी इंजिन पूर्ण गरम करा, मग बंद करा, चावी काढा, हँडब्रेक ओढा, बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. हातमोजे घाला. व्हॅनच्या आखूड नाकामुळे मागचे एक-दोन प्लग वायपरखालच्या भागाच्या आत किंवा मॅनिफोल्डच्या मागे लपलेले असतात. तिथे लांब गोटी आणि वळणारा जोड लागतो. मॅनिफोल्ड काढणं सोपं जात असेल तर काढा. पाना तिरका धरून जोर लावणं हे प्लग मोडण्याचं दुसरं मोठं कारण. एक मात्र पक्कं: कॉमन रेल इंजिनात (ज्यात सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं) इंजेक्टरच्या लोखंडी नळ्या सोडू नका. चालू इंजिनात त्यांतला दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो, आणि तिथून निघालेली बारीक धार कातडी भेदून आत जाते.

आता टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून लावणारा पाना. प्लग घट्ट करताना तो जेवढा गरजेचा, त्याहून जास्त इथे गरजेचा. ८ मिलिमीटर आट्याचा प्लग साधारण २० न्यूटन मीटरला, १० मिलिमीटरचा ३५ ला आणि १२ मिलिमीटरचा ४५ ला तुटायच्या बेतात येतो. रेंच त्याच्या खाली लावा. त्या मर्यादेत सुटला नाही तर थांबा, पुन्हा तेल, पुन्हा गरम इंजिन, पुन्हा प्रयत्न. किंचित सुटला की लगेच भसाभस फिरवू नका. पाव फेरा मागे, थोडा पुढे, थोडं तेल, असं करत करत.  आधी सैल झालेला प्लग पुन्हा घट्ट होऊ लागला, तर काजळी आट्यांत आली आहे. पुढे आवळा, तेल सोडा, मग परत मागे.

कुठे थांबायचं

रेंच मर्यादेला पोचला, दोन-तीन दिवस तेल सोडूनही प्लग हलत नाही. प्लगचं डोकं फिरतंय पण बॉडी फिरत नाही. प्लग मोकळा फिरतोय पण वर येत नाही, म्हणजे बहुधा टोक फुगून भोकात अडकलंय. प्लग तुटला. प्लग निघाला पण त्याचं टोक त्याच्याबरोबर आलं नाही. या पाचांपैकी काहीही झालं तर काम तिथेच सोडा आणि तुटलेले प्लग काढायचं खास साहित्य असलेल्या मेकॅनिककडे जा. शेवटच्या दोन परिस्थितींत तर चुकूनही सेल्फ मारू नका; आत पडलेला तुकडा पिस्टन आणि व्हॉल्व्ह दोन्ही खातो. गाडी उचलून न्या.

इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. ते घरी उरकण्याचं काम नाही. तसंच, सगळे प्लग चांगले निघाले आणि त्रास तसाच असेल तर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, मोजावा लागेल. ते ग्लो प्लगच्या भोकातूनच मोजतात, पण डिझेलसाठीचा वेगळा गेज लागतो.

निघालेला प्लग वाचा

तो लगेच टाकून देऊ नका. टोक शाबूत, फक्त काजळी: वयाने गेला. टोक फुगलेलं किंवा चिरलेलं: जास्त व्होल्टेज मिळालं किंवा रिले चिकटून करंट वाहतच राहिला. टोक वितळलेलं, खाल्ल्यासारखं: त्या सिलिंडरचा इंजेक्टर धार नीट फवारत नाही, ठिबकतो. टोक तेलाने ओलं: रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे पाहा. काय बिघडलंय हे तो प्लगच सांगतो.

नवीन बसवताना

प्लग इंजिन क्रमांकावरून घ्या. आटे सारखे असले तरी दांड्याची लांबी आणि व्होल्ट वेगळे असू शकतात. लांब टोक पिस्टनला लागू शकतं, आखूड टोक पोचत नाही. सिरॅमिक प्लग हातातून पडला तर तो वापरू नका, दिसायला अखंड असला तरी. आत गेलेली बारीक चीर चालू इंजिनात त्याचे तुकडे करते.

भोकातली काजळी त्या मापाच्या रीमरने (भोक खरवडून साफ करणारं हत्यार), ग्रीस लावून, हातानेच काढा. ग्रीसला चिकटून ती बाहेर येते. नवीन प्लग आधी बोटांनी फिरवा. शेवटपर्यंत बोटांनी जायला हवा. मध्ये अडला तर पाना लावू नका, काढून पुन्हा साफ करा. मग टॉर्क रेंच: ८ मिलिमीटरला साधारण १० न्यूटन मीटर, १० मिलिमीटरला १२ ते १८, १२ मिलिमीटरला २२ ते २५, तुमच्या इंजिनच्या पुस्तकातला आकडा वेगळा असेल तर तोच खरा. प्लगचं अर्थिंग त्याच्या बॉडीतून होतं, म्हणून बसण्याच्या निमुळत्या भागावर ग्रीस लागू देऊ नका. डोक्यावरचा नट हलक्या हाताने, दोन न्यूटन मीटरच्या आसपास. तिथे जोर लावून नव्या प्लगच्या डोक्यावरचं टोक मोडणारे खूप.

चारही बदलावेत का? माझं मत: चौघेही सहज निघत असतील आणि वय सारखं असेल, तर सगळे बदला. पण तपासणीत उत्तम आलेला प्लग जाम असेल, तर केवळ संच पूर्ण व्हावा म्हणून त्याला हात लावू नका. चालता प्लग मोडण्यात शहाणपण नाही.

कोड पुसा आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, इंजिन पूर्ण गार झाल्यावर.

तोच प्लग पुन्हा गेला तर

काही महिन्यांत पुन्हा तीच तक्रार आली, तर गाडी चालू करून पाच-सात मिनिटांनी प्लगांवर व्होल्टेज आहे का ते पाहा. सुरू झाल्यावर काही मिनिटं प्लग तापत राहणं नेहमीचं आहे, पण इंजिन गरम झाल्यावरही करंट येत असेल तर रिले चिकटला आहे. तो आधी बदला. चार्जिंग मोजा, १४.८ च्या वर सतत जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेला. दोन्ही ठीक असून त्याच सिलिंडरचा प्लग दुसऱ्यांदा गेला, तर तिसरा प्लग आणू नका. त्या सिलिंडरचा इंजेक्टर काढवून बेंचवर तपासायला द्या.